दुसऱ्या पंगतीची वाट

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्ज नोव्हेंबरात भरायचे असतात. २०१९च्या नोव्हेंबरातही हजारो विद्यार्थ्यांनी ते भरले. दर कॅम्पसमागे सत्तर डॉलर मोजले, निबंधवजा प्रश्नांची उत्तरं पुन्हापुन्हा खोडून लिहिली, जानेवारीत ताज्या सत्राचे गुण पोर्टलवर चढवले आणि वाट पाहायला बसले. निकाल मार्च-एप्रिलमध्ये लागणार होता. मार्च उजाडला तो वेगळाच. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली, १९ तारखेला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी राज्यभर घरात राहण्याचा आदेश काढला. ज्या कॉलेजातून बाहेर पडायचं त्याला कुलूप, ज्या विद्यापीठात जायचं त्यालाही कुलूप. उघडं होतं ते फक्त निकालाचं पोर्टल.

हे विद्यार्थी शाळा संपवून पहिल्यांदाच कॉलेजात निघालेले नव्हते. एका कॉलेजात दोन वर्षं काढून पुढच्या दोन वर्षांसाठी दुसरीकडे जाऊ पाहणारे, म्हणजे अमेरिकेच्या भाषेत ‘ट्रान्सफर’ विद्यार्थी. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे पॉलिटेक्निकची पदविका घेऊन इंजिनिअरिंगच्या ‘थेट दुसऱ्या वर्षाला’ मिळणारा प्रवेश. फरक इतकाच, की आपल्याकडे ती एका शाखेतली बाजूची वाट आहे, आणि कॅलिफोर्नियात तो हमरस्ता आहे.

हा रस्ता १९६०च्या ‘मास्टर प्लॅन’नं आखला. त्या योजनेनं राज्यातलं उच्चशिक्षण तीन मजल्यांत विभागलं. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे कॅम्पस; वरच्या एकतृतीयांशांसाठी कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठ; आणि बाकी सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेजं, ज्यांचं दार कुणालाच बंद नसतं. तळमजल्यावरून वर जाण्याचा जिना म्हणजे ट्रान्सफर. २०२०च्या सुमारास राज्यात शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजं होती आणि त्यांत सुमारे २१ लाख विद्यार्थी शिकत होते. राज्यातल्या रहिवाशाला तिथं एका युनिटला ४६ डॉलर पडतात. वर जायला ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या वेळी एका वर्षालाच साडेबारा हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. दोन वर्षं खाली काढून वर जाणं हा हिशेब मध्यमवर्गीय घरात कुणालाही पटावा असाच आहे.

या वाटेनं गेलेल्यांत मोठी नावं आहेत. टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो या कम्युनिटी कॉलेजातून सॅक्रामेंटोच्या स्टेट विद्यापीठात गेले. बराक ओबामा दोन वर्षं लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात शिकले आणि १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पण अशी नावं सांगताना एक आकडा सोबत ठेवायला हवा. कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. प्रत्यक्ष ट्रान्सफर होतात तिघांतला एखादा. सहा वर्षांत पदवी हातात पडते ती जेमतेम सहांतल्या एकाच्या.

महासाथीच्या आधीही हा विद्यार्थी रांगेच्या टोकालाच उभा होता. त्याचं कारण प्रवेशाच्या गणितात आहे. शाळेतून येणाऱ्या मुलांचे निकाल मार्चअखेर लागतात आणि त्यांनी १ मेपर्यंत डिपॉझिट भरून जागा पक्की करायची असते. किती जण आले, किती गळाले, पहिल्या वर्षातून दुसऱ्यात किती टिकले, हे कळल्यावर खासगी विद्यापीठं ट्रान्सफरच्या जागांकडे वळतात. म्हणून त्यांचे निकाल मेच्या मध्यापासून जूनपर्यंत रेंगाळतात. पहिली पंगत उठल्यावर पातेल्यात काय उरलं ते पाहून दुसरी बसवावी, तसा हा प्रकार. काही ठिकाणी दुसरी पंगत बसतच नसे. प्रिन्स्टन विद्यापीठानं १९९०नंतर ट्रान्सफर बंदच ठेवलं होतं. २०१८मध्ये ते पुन्हा सुरू केलं, तेव्हा १,४२९ अर्ज आले आणि १३ जणांना प्रवेश मिळाला.

कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं याला बऱ्याच अंशी अपवाद. पहिल्या वर्षाला दोन मुलं घेतली तर ट्रान्सफरनं एक घ्यायचं, असं प्रमाण कॅलिफोर्निया विद्यापीठानं राज्य सरकारशी ठरवून घेतलं आहे. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ठरावीक विषय आणि ठरावीक गुण असलेल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो मात्र तशी हमी देत नाहीत. आणि मुलांचा जीव नेमका त्या तिघांतच अडकलेला असतो.

२०२०च्या वसंतात हे सारं गणित कोलमडलं. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं ६ मार्चला वर्गातलं शिकवणं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. चार दिवसांनी हार्वर्डनं विद्यार्थ्यांना १५ मार्चपर्यंत वसतिगृहं रिकामी करायला सांगितलं. दोन आठवड्यांत देशभरातले वर्ग पडद्यावर गेले. शेकडो कॉलेजांनी डिपॉझिटची तारीख १ मेवरून १ जूनवर ढकलली. शाळेतून येणाऱ्या मुलाला महिनाभर जास्त मिळाला. ट्रान्सफरच्या विद्यार्थ्याची वाट तेवढीच लांबली.

जागा किती उरतील हे तर कुणालाच सांगता येत नव्हतं. १२ मे रोजी कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाचे चॅन्सेलर टिमथी व्हाइट यांनी आपल्या २३ही कॅम्पसवरचं पुढचं सत्र प्रामुख्यानं ऑनलाइन होईल असं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या व्यवस्थेनं इतक्या आधी घेतलेला हा निर्णय होता, आणि त्यानंतर घरोघरी एकच प्रश्न सुरू झाला: पडद्यावरच शिकायचं तर एवढे पैसे कशाला? अनेकांनी वर्षभर थांबायचं ठरवलं. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या पाचातल्या एकाहून अधिक जणांनी प्रवेश पुढे ढकलला. अशा प्रत्येक निर्णयागणिक जागांचा हिशेब बदलत होता, आणि तो हिशेब मिटल्याशिवाय प्रतीक्षायादी हलत नव्हती.

त्यात स्पर्धेचे नियमही नुकतेच बदलले होते. प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता होती, की १ मेनंतर दुसरीकडे प्रवेश पक्का केलेल्या मुलाला कुणी गळ घालायची नाही आणि दुसऱ्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला आपणहून ट्रान्सफरचं आमंत्रण द्यायचं नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याला ही बंधनं स्पर्धाविरोधी वाटली. त्यांच्या दबावाखाली सप्टेंबर २०१९मध्ये संघटनेनं ती कलमं काढून टाकली. त्यानंतर आलेला पहिलाच प्रवेश-हंगाम महासाथीचा निघाला. एकीकडे कुणालाही कुणाचाही विद्यार्थी ओढायची मुभा, दुसरीकडे आपले विद्यार्थी टिकतील का याची धास्ती.

विद्यार्थ्याच्या बाजूनं सर्वांत बोचरा प्रश्न ग्रेडचा होता. ट्रान्सफरचा अर्ज शाळेच्या नव्हे, कॉलेजच्या गुणांवर तोलला जातो. प्रवेश मिळाला तरी तो सशर्त असतो: वसंत सत्रात ठरलेले विषय पूर्ण करा, गुणांची सरासरी टिकवा. आता वर्ग ऑनलाइन गेल्यावर बहुतेक कॉलेजांनी ‘पास/नो पास’ची मुभा दिली. पण ती घ्यायची का? पास घेतलं तर सरासरी सुधारायची संधी गेली. ग्रेड घेतली आणि घसरली तर मिळालेला प्रवेशही धोक्यात. शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एरवीच्या नियमानुसार ट्रान्सफरसाठी पास/नो पासची १४ युनिटच धरली जात. जो आधीच मर्यादेजवळ पोचला होता त्यानं काय करायचं?

इथं एक अनपेक्षित गोष्ट घडली. एप्रिलच्या सुरुवातीलाच कॅलिफोर्निया विद्यापीठानं ती मर्यादा तात्पुरती उठवली. अंतिम गुणपत्रक वेळेत पोचलं नाही म्हणून कुणाचा प्रवेश रद्द होणार नाही, असंही स्पष्ट केलं. वर्षानुवर्षं दगडावर कोरल्यासारखे वाटणारे नियम टाळेबंदीनंतर जेमतेम दोन आठवड्यांत सैल झाले. कम्युनिटी कॉलेजांनी ‘ईडब्ल्यू’ हा शेरा सढळ हातानं वापरला. आपल्या हाताबाहेरच्या कारणानं विद्यार्थ्यानं विषय सोडला, असा त्याचा अर्थ. त्यानं सरासरीला धक्का लागत नाही आणि सोडलेल्या विषयांच्या खात्यातही तो मोजला जात नाही. पण ज्याला वर जायला तोच एक विषय अडत होता, त्याचं ईडब्ल्यूनं भागत नव्हतं. विषय सुटला की वर्ष सुटलं.

कुपर्टिनोचं डी अँझा कॉलेज ट्रान्सफरसाठी प्रसिद्ध आहे. तिथं वर्षाची विभागणी सत्रांऐवजी तिमाहींत आहे. त्यामुळे तिथल्या मुलांची वसंत तिमाही एप्रिलमध्ये, थेट पडद्यावरच सुरू झाली. शिक्षकाला त्यांनी आधी पाहिलं नव्हतं, प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं, आणि याच तिमाहीच्या गुणांवर त्यांचा सशर्त प्रवेश पक्का व्हायचा होता. भौतिकशास्त्राचे नि रसायनशास्त्राचे प्रयोग व्हिडिओ पाहून किंवा घरच्या सामानावर उरकावे लागले.

हे झालं कागदावरचं. घरातलं चित्र आणखी वेगळं होतं. कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी बहुधा नोकरी करत शिकतो: हॉटेलात, दुकानात, गोदामात. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतल्या बेरोजगारीचा दर १४.७ टक्क्यांवर गेला आणि पहिला घाव याच नोकऱ्यांवर पडला. ज्यांची नोकरी टिकली त्यांना संसर्गाची भीती होती. अनेकांच्या घरी धड इंटरनेट नव्हतं. कॉलेजांनी आपल्या पार्किंगमध्ये वायफाय सोडलं आणि मुलं गाडीत बसून तासाला हजर राहू लागली.

केंद्र सरकारनं २७ मार्चला मंजूर केलेल्या ‘केअर्स’ कायद्यात उच्चशिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलर होते, आणि निम्मी रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची होती. वाटपाचं सूत्र मात्र पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या हिशेबानं होतं. अर्धवेळ शिकणारे दोन जण मिळून एक धरला जाई. ज्या कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळवालेच जास्त, त्यांच्या वाट्याला डोकी मोजता कमी पैसे आले. पुढे शिक्षण खात्यानं कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांना या मदतीतून वगळलं, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांचे चॅन्सेलर एलॉय ऑर्टिझ ओकली न्यायालयात गेले. जूनमध्ये त्या निर्बंधाला राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांपुरती स्थगिती मिळाली.

काही जणांना ट्रान्सफर नकोच होतं, पण ते गळ्यात पडलं. इलिनॉय राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावात १८४६ साली सुरू झालेलं मॅकमरे कॉलेज आधीच कर्जात होतं. २७ मार्च २०२०ला त्यानं जाहीर केलं, की हे सत्र संपल्यावर कॉलेज बंद. ओहायोतल्या अर्बाना विद्यापीठानं एप्रिलमध्ये तेच केलं. अशा वेळी शेजारची कॉलेजं करार करून विद्यार्थ्यांना सामावून घेतात. पण आधी घेतलेल्या प्रत्येक विषयाचं क्रेडिट नव्या ठिकाणी धरलं जाईलच, याची खात्री कोण देणार?

परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रतीक्षेला व्हिसाचा फास होता. २०१९-२०मध्ये अमेरिकेत १,९३,१२४ भारतीय विद्यार्थी होते. त्यांतले बहुतेक पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेले, पण पदवीला शिकणारेही होते आणि त्यांत मराठी मुलंही होती. २० मार्चपासून अमेरिकी वकिलातींनी नेहमीचं व्हिसाचं काम थांबवलं. भारतानंही त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. आणि ६ जुलैला अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानं फर्मान काढलं: ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्यांनी देश सोडावा, नाहीतर प्रत्यक्ष वर्ग असलेल्या संस्थेत ट्रान्सफर घ्यावं. महासाथ भरात असताना, जुलै महिन्यात, ट्रान्सफर! हार्वर्ड आणि एमआयटीनं दोन दिवसांत खटला भरला आणि १४ जुलैला सरकारनं आदेश मागे घेतला. ते आठ दिवस पुण्या-मुंबईतल्या कित्येक घरांत झोप नव्हती. जे आधीच परत आले होते त्यांचा दिवस रात्रीचा झाला होता. कॅलिफोर्नियातला सकाळी नऊचा तास इथं रात्री साडेनऊला सुरू व्हायचा.

सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी घरांची अडचण आणखी वेगळी. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांची मुलं एच-४ या आश्रित व्हिसावर असतात आणि एकविसावं लागलं की तो हक्क संपतो. ग्रीन कार्डची भारतीयांसाठीची रांग एवढी लांब, की लहानपणी आलेलं मूलही कॉलेजच्या मध्यावर ‘परदेशी’ ठरतं. ट्रान्सफरचं वय नेमकं हेच, विसाच्या आसपास. इमिग्रेशन सेवा देणारी कार्यालयं १८ मार्चपासून ४ जूनपर्यंत लोकांसाठी बंद होती. अशा मुलाला एकाच वेळी दोन निकालांची वाट पाहावी लागत होती: विद्यापीठाच्या आणि सरकारच्या.

मग शेवटी झालं काय? २०२०च्या वसंतात अंदाजांचा पाऊस पडला होता. मुलं महागडी दूरची कॉलेजं सोडून घराजवळच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजात येतील, हा त्यांतला सर्वांत लाडका अंदाज. तर्काला धरून होता, पण साफ चुकला. त्या शरद ऋतूत सर्वांत जास्त विद्यार्थी गमावले ते कम्युनिटी कॉलेजांनीच. देशभर त्यांची पटसंख्या सुमारे १० टक्क्यांनी घसरली, आणि नव्यानं दाखल होणाऱ्यांची तर सुमारे २१ टक्क्यांनी. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या संस्थेच्या नोंदींनुसार २०२०-२१मध्ये देशात ट्रान्सफर होणाऱ्यांची संख्या ८.४ टक्क्यांनी घटली, म्हणजे जवळपास १,९१,५०० विद्यार्थी कमी झाले. चार वर्षांच्या कॉलेजातून खाली येणाऱ्यांत मोठी घट होती. कम्युनिटी कॉलेजातून वर जाणाऱ्यांत ती सर्वांत कमी होती.

म्हणजे २०२०च्या एप्रिलमध्ये जे पोर्टल उघडून बसले होते त्यांचं फार बिघडलं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठानं त्या वर्षी तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त ट्रान्सफर विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला. नियम सैल झाले होते, परदेशी आणि परराज्यातली मुलं येतील की नाही याची शाश्वती नव्हती, जागा भरायच्या होत्या. रांगेतल्यांना वर घेतलं गेलं. पण त्यांच्या मागे रांगच उरली नव्हती. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले २१ लाख विद्यार्थी २०२१-२२पर्यंत १८ लाखांच्या आसपास आले. परिणाम दोन वर्षांनी दिसला: २०२२च्या प्रवेशासाठी कम्युनिटी कॉलेजांतून कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे येणारे अर्ज ठळकपणे घटले. ज्यांनी २०२०मध्ये पहिल्या वर्षाला नाव घातलं असतं पण घातलं नाही, तीच ही गैरहजर मुलं. त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त होतं.

महासाथीत ट्रान्सफरवर जेवढी चर्चा झाली ती बहुतेक निकालाची तारीख, ग्रेड आणि वसतिगृह यांभोवती फिरली. जुनं दुखणं मात्र क्रेडिटचं आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७मध्ये दिलेल्या अहवालात ट्रान्सफर करताना विद्यार्थी सरासरी ४३ टक्के क्रेडिट गमावतात असा अंदाज होता. एका कॉलेजातलं संख्याशास्त्र दुसऱ्याला चालत नाही, एकाच विषयाला दहा ठिकाणी दहा क्रमांक. विषय पुन्हा घ्यायचा म्हणजे पुन्हा फी आणि पुन्हा सहा महिने. पास/नो पासची मर्यादा दोन आठवड्यांत उठली, याला हात लागायला वेळ लागला. कॅलिफोर्नियानं २०२१मध्ये दोन कायदे केले. एकानं सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत समान विषयाला समान क्रमांक द्यायला सांगितलं. दुसऱ्यानं दोन्ही सरकारी विद्यापीठांना चालेल अशी सामान्य विषयांची एकच यादी ठरवायला सांगितली. ती यादी २०२५च्या शरद सत्रापासून लागू झाली.

मराठी वाचकाला हे सारं परक्या घरचं वाटू शकतं, पण ते तसं राहिलेलं नाही. २९ जुलै २०२०ला, त्याच महासाथीच्या मध्यात, भारतानं नवं शैक्षणिक धोरण मंजूर केलं. एका वर्षानं बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. मध्ये थांबा, दुसरीकडे जा, परत या. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१मध्ये ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम काढले. आजवर आपल्याकडे विद्यापीठ बदलायचं म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रतेचा दाखला आणि दोन्हीकडच्या खिडक्यांवर हेलपाटे. आता क्रेडिट खात्यात जमा होतील. पण खात्यात जमा असलेलं क्रेडिट नव्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कोणत्या विषयाच्या जागी बसणार, हा प्रश्न खातं उघडल्यानं सुटत नाही. अमेरिकेत साठ वर्षांनंतरही तो पुरता सुटलेला नाही.

म्हणून ज्या पालकांचं मूल पुढच्या काही वर्षांत कॉलेज किंवा विद्यापीठ बदलायचा विचार करत असेल, मग ते नागपुराहून पुण्याला असो वा डी अँझाहून बर्कलीला, त्यांनी एक काम अर्ज भरण्याआधीच करावं. आजवर घेतलेल्या विषयांची यादी नव्या संस्थेला पाठवावी आणि यांतले कोणते धरले जातील, कोणते पुन्हा घ्यावे लागतील, याचं उत्तर लेखी मागून घ्यावं.